‘हमखास दिसेल’ म्हणणाऱ्या टूरला हो म्हणावं का? व्हेल शार्कसोबत पोहण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्हा दोघांना पुढच्या वर्षी व्हेल शार्कसोबत, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या माशासोबत पोहायचंय. एक पर्याय फिलिपिन्समधल्या ओस्लोबचा : स्वस्त, पोचायला सोपा आणि मासा हमखास दिसणार. दुसरा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालूचा : खर्च कितीतरी जास्त आणि शेवटी सगळं समुद्राच्या मर्जीवर. दोन्हीकडच्या कंपन्या ‘इको-फ्रेंडली’ आणि ‘जबाबदार पर्यटन’ हेच शब्द वापरतात, मग खरं कोण हे ओळखायचं कसं? शिवाय तुमच्या मिस्टरांना पोहायला जेमतेम येतं. त्यांना हे जमेल का?

मी अशा टूर्सवर गाइड म्हणून बरीच वर्षं पाण्यात उतरले आहे आणि आता नव्या गाइडना तयार करते. थेट उत्तर आधी देते : ओस्लोब सोडा. निंगालू खिशाला झेपत नसेल तर मधले पर्याय आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. पण ‘सोडा’ का म्हणते ते समजून घेतलंत, तर उद्या कुणी तिसरंच ठिकाण सुचवलं तरी तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

माझी कसोटी एकच आहे. माशाला वाटेल तेव्हा तो निघून जाऊ शकतो का, आणि तो निघाला तर ही माणसं त्याला जाऊ देतात का? जी कंपनी मासा न दिसताही परत फिरायला तयार असते, तिच्यावर विश्वास ठेवायला काहीतरी जागा आहे. आणि ‘हमखास’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न हा विचारायचा : मोकळ्या समुद्रातला मासा रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी येतो, तर तो यावा म्हणून तिथे नेमकं काय केलं जातं?

ओस्लोबमध्ये त्याला खाऊ घातलं जातं. २०११च्या अखेरीपासून तिथे हे पर्यटन सुरू झालं. रोज सकाळी मच्छीमार छोट्या होड्यांमधून जवळ्यासारखी बारीक कोळंबी मूठमूठ पाण्यात सोडतात, मासे होडीच्या कडेला येऊन तोंड वर करून जवळजवळ उभे राहतात, आणि थोड्याच अंतरावर पर्यटक तरंगत असतात. व्हेल शार्क मुळात भटका मासा आहे. प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी, बारीक मासे जिथे दाटतात तिथे तो शेकडो, कधी हजारो किलोमीटर पोहत जातो. ओस्लोबमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं की खाण्याची सवय लागलेले काही मासे एरवी थांबले असते त्याहून कितीतरी जास्त काळ तिथेच घुटमळतात, आणि त्यांच्या अंगावर खरचटल्याच्या, कापल्याच्या खुणाही जास्त असतात. शिवाय तिथे येणारे बहुतेक मासे वयात न आलेले. व्हेल शार्कला वयात यायलाच दोन-तीन दशकं लागतात, म्हणजे वाढीच्या काळातच त्यांना ही सवय लागते.

मला सगळ्यात जास्त डाचते ती पुढची गोष्ट. होडी म्हणजे खाणं, हे समीकरण माशाच्या डोक्यात एकदा बसलं की तो दुसरीकडेही होड्यांच्या जवळ जाणार. ओस्लोबच्या होड्या वल्ह्यांवर चालतात, पण शेजारच्या किनाऱ्यावरच्या बोटींना इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) असतो. पंख्याची जखम एकदा पाहिली की ओळखू येते : पाठीवर किंवा पाठीवरच्या पराच्या (माशाच्या पंखासारख्या अवयवाच्या) बुडाशी सारख्या अंतरावर ओळीने पडलेले तिरके घाव. भरून आले तरी त्यांचे पांढरट वळ राहतात, आणि कधी पराचा वरचा तुकडाच नाहीसा झालेला असतो. हे झालं वाचलेल्यांचं. मेलेला व्हेल शार्क सहसा तळाशी जातो, त्यामुळे जहाजांच्या धडकेने किती मेले याचा नीट हिशोबच लागत नाही. २०१६पासून हा मासा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ‘धोक्यात आलेला’ म्हणून नोंदलेला आहे, आणि जगभरातली त्याची संख्या गेल्या ७५ वर्षांत निम्म्याहून कमी झाली असावी असा तेव्हाचा अंदाज आहे. अशा माशाला बोटीची भीती न वाटायला शिकवणं मला पटत नाही.

तिथल्या मच्छीमारांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या घरात यातून पैसा आला, मुलं शिकली, आणि जिवंत मासा मेलेल्यापेक्षा मोलाचा ठरला ही लहान गोष्ट नाही. प्रश्न तुमच्या पैशाने काय चालू ठेवायचं हा आहे, आणि त्या बाबतीत तुम्हाला निवड आहे.

आता निंगालू. तिथे मार्च-एप्रिलच्या सुमाराला प्रवाळ एकाच वेळी अंडी सोडतात, समुद्रात खाद्य वाढतं आणि व्हेल शार्क येतात. हंगाम साधारण जुलैपर्यंत चालतो. टूरचे परवाने मोजके आहेत आणि ते सरकारी उद्यान विभाग देतो. मासा शोधायला वरून लहान विमान फिरतं, पाण्यात काहीही टाकलं जात नाही. माशाभोवती २५० मीटरचं वर्तुळ धरलं जातं आणि त्यात एका वेळी एकच बोट जाते, तीही हळू. बोटीने माशाच्या ३० मीटरच्या आत यायचं नाही. पाण्यात एका वेळी जास्तीत जास्त दहा जण. पोहणाऱ्याने माशाच्या अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं. फ्लॅश नाही, हात लावणं नाही, वाट अडवणं नाही.

हे आकडे लक्षात ठेवा. तुम्ही कुठेही गेलात तरी त्या टूरचं मोजमाप करायला ते उपयोगी पडतील. शेपटीसाठी एक मीटर जास्त का, असं लोक विचारतात. व्हेल शार्क चावत नाही, त्याचं तोंड गाळून खाण्यासाठी असतं. पण आठ मीटरच्या माशाची शेपटी माणसाहून उंच असते आणि ती सतत डावी-उजवीकडे फिरते. तिचा फटका बसला तर बरगडी मोडू शकते, आणि त्यात माशाचा काही हेतू नसतो.

मात्र ठिकाण चांगलं म्हणजे प्रत्येक बोट चांगली असं नाही, आणि ठिकाणाचे नियम ढिले म्हणजे सगळ्या बोटी वाईट असंही नाही. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. फिलिपिन्समध्येच डोन्सोल आहे. तिथे १९९८पासून खाऊ न घालता हे पर्यटन चालतं, एका माशामागे एक बोट आणि सहा पोहणारे असा नियम आहे, आणि प्रत्येक बोटीवर प्रशिक्षित स्थानिक अधिकारी असतो. पण पाणी गढूळ असतं, आणि काही वर्षं मासे फारसे येतच नाहीत. तुम्हाला फिलिपिन्सच करायचं असेल तर मी डोन्सोल म्हणेन, फक्त दिसणार नाही याची मनाची तयारी ठेवून जा.

मेक्सिकोत इस्ला मुहेरेस बेटाजवळ उन्हाळ्यात बोनिटोसारख्या माशांच्या अंड्यांवर व्हेल शार्कची मोठी जत्रा भरते. २००९मध्ये एकाच वेळी चारशेहून जास्त मासे तिथे मोजले गेले होते. नियम कडक आहे : एका वेळी दोन पोहणारे आणि एक गाइड. पण बोटीही खूप येतात. त्यामुळे तिथे नियम पाळणारी कंपनी निवडणं आणि पहाटे लवकर निघणं याने फार फरक पडतो. त्याच देशात ला पास आहे. तिथला उपसागर उथळ आहे, मासे लहान आहेत, आणि आत एका वेळी किती बोटी असाव्यात यावर मर्यादा आहे. तुमच्या मिस्टरांचा विचार करता हे ठिकाण मी यादीत वर ठेवेन.

मालदीवच्या दक्षिण आरी प्रवाळबेटांजवळ वर्षभर मासे दिसतात. २००९पासून तो भाग संरक्षित आहे. अडचण गर्दीची आहे. एका माशाची बातमी कळली की आसपासच्या रिसॉर्टांच्या बोटी त्याच्याकडे धावतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पाण्यात चाळीस जण असतात. अशा ठिकाणी सगळं तुमच्या बोटीच्या कप्तानावर येऊन ठेपतं. ‘इथे आधीच तीन बोटी आहेत, आपण पुढे जाऊ’ असं म्हणणारा कप्तान भेटला तर पैसे वसूल झालेच समजा.

इंडोनेशियातल्या चेंदरावासिह उपसागराबद्दलही विचाराल म्हणून सांगते. तिथे बगान नावाच्या तरंगत्या मचाणांवरून बारीक मासे पकडतात आणि जाळ्यातून निसटणारं खाणं मिळतं म्हणून व्हेल शार्क आपणहून तिथे येतात. हे पर्यटनाच्या कितीतरी आधीपासून चालू असावं. पण पर्यटक आले की मच्छीमारांना पैसे देऊन मुद्दाम मासे टाकायला लावणं, ही पुढची पायरी लगेच येते. तिथे मी एवढंच विचारेन की बोट पोचायच्या आधीपासून व्हेल शार्क तिथे असतात, की बोट आल्यावर बादली रिकामी होते.

कंपनी कशी पारखायची? वेबसाइट वाचण्यात वेळ घालवू नका, तिथे सगळे सज्जनच असतात. त्यांना एक छोटा मेल टाका आणि दोनच गोष्टी विचारा. पहिली : मासा दिसला नाही तर काय? दुसरी : आम्ही पोचलो तेव्हा त्या माशाजवळ आधीच दुसरी बोट असेल तर तुम्ही काय करता?

पहिल्या प्रश्नाला ‘दिसतोच, काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. ‘दुसऱ्या दिवशी जागा असेल तर पुन्हा नेऊ’ हे उत्तर बरं आहे, बऱ्याच चांगल्या कंपन्या हेच करतात. ‘पूर्ण पैसे परत’ हे ऐकायला गोड वाटतं, पण बोटीवर त्याचा परिणाम काय होतो ते मी पाहिलंय. दुपार कलायला लागते, मासा दिसलेला नसतो, सगळ्यांचे पैसे परत करावे लागणार असतात, आणि मग दिसलेला एखादा बिचकलेला मासाही सोडवत नाही. म्हणून पुन्हा नेणारी कंपनी मला पैसे परत देणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अंतर, वेळ, रांग असं काही ठोस सांगितलं पाहिजे. ‘आम्ही नियम पाळतो’ एवढंच आलं तर नियम कोणते, ते विचारा. ज्याला ते रोज पाळावे लागतात, तो आकडे न बघता सांगतो.

नंतर पर्यटकांनी लिहिलेले अभिप्राय वाचा. पाच ताऱ्यांचे सोडून द्या, दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचा. ‘गाइड ओरडला’, ‘जवळ जाऊ दिलं नाही’, ‘मासा दिसत असताना आम्हाला बोटीवर बोलावलं’, ‘फक्त दोनदाच उतरवलं’ अशा तक्रारी असतील तर ती कंपनी माझ्या पसंतीची. उलट ‘इतक्या जवळून गेला की हात लागला!’ असं आनंदाने लिहिलेलं आढळलं तर समजून जा. फोटोही पर्यटकांनी टाकलेले बघा. माशाच्या तोंडासमोर पोहणारी माणसं, एका माशाभोवती सगळीकडून घातलेला वेढा, पाठीवर टेकलेला हात, डोक्यावर आलेली बोट. हे एकदा दिसलं तर चूक असू शकते, पण फोटोमागून फोटोत दिसलं तर ती तिथली पद्धत आहे.

बोटीवर चढल्यावरही बरंच कळतं. पाण्यात उतरण्याआधी गाइड माशाचं चित्र काढून कुठे राहायचं, कुठे जायचं नाही, कोणती खूण केली की थांबायचं हे सांगतो का? उड्या मारायला सांगतो, की कडेवरून अलगद सरकायला? माणसं उतरताना आणि चढताना इंजिन गिअरमधून काढलेलं असतं का? शेवटची गोष्ट तुमच्या स्वतःच्या जिवासाठीही महत्त्वाची आहे.

आता पाण्यातलं. गाइडचं खरं काम मासा दाखवणं नाही, मासा काय म्हणतोय ते ओळखून माणसांना मागे घेणं हे आहे. नव्या गाइडला मी सगळ्यात आधी डोळ्याकडे बघायला शिकवते. एवढ्या अवाढव्य अंगावर तो डोळा अगदीच लहान, तोंडाच्या कोपऱ्याजवळ असतो. मासा निवांत असला तर तो तुमच्याकडे बघत आपल्या चालीने पुढे जातो. कुणी फार जवळ आलं की डोळा खोबणीत फिरतो किंवा आत ओढला जातो, कारण त्याला मिटायला पापणी नाही. त्याने भागलं नाही तर तो कलंडतो आणि जाड कातडीची पाठ तुमच्याकडे करतो. लोकांना वाटतं मासा खेळतोय, पोज देतोय. ती ढाल आहे. तेवढ्याने माणसं हटली नाहीत तर अंगाला हिसका देऊन तो खाली जातो. कलंडणं दिसताच गाइडने सगळ्यांना थांबवलं पाहिजे, आणि मासा खाली गेल्यावर त्याच्यामागे डुबकी मारणं तर नाहीच.

पृष्ठभागावरचे ते क्षण त्याच्या गरजेचे असतात. तो तिथे खात असतो, किंवा खोल थंड पाण्यातून वर येऊन ऊब घेत असतो. हजार मीटरच्याही खाली जाणारा मासा आहे हा. तुमच्यामुळे एकदा खाली गेला तर आकाश कोसळत नाही. पण त्याच्यामागे दिवसभर बोटीमागून बोट लागते आणि पूर्ण हंगाम हेच चालतं, तेव्हा त्याचा हिशोब वेगळा होतो.

तुम्ही स्वतः कुठे राहायचं? बाजूने, त्याच्या रेषेला समांतर, छातीच्या पराच्या जरा मागे. पाय पाण्याखाली ठेवून सावकाश मारा, पाणी उडवू नका. तो सहज जातोय असं दिसतं तेव्हाही तुम्हाला जोरात पोहावं लागतं आणि काही मिनिटांत दम लागतो. दम लागला की सोडून द्या, पाठलाग करू नका. कॅमेरा असेल तर डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या मागचा आणि छातीच्या पराच्या वरचा ठिपक्यांचा भाग टिपा. प्रत्येक माशाची ठिपक्यांची ठेवण वेगळी असते. आकाशातल्या ताऱ्यांच्या रचना ओळखण्यासाठी लिहिलेली गणिती पद्धत वापरून हे ठिपके जुळवले जातात, आणि जगभरातल्या पर्यटकांनी पाठवलेल्या फोटोंवरून एकेका माशाचा प्रवास नोंदला गेलेला आहे. तुमच्या कंपनीने अशा नोंदीसाठी फोटो मागितले तर ती कामाची कंपनी आहे.

आता मिस्टरांबद्दल, स्पष्टच. ‘जेमतेम’ येणाऱ्या माणसाला उघड्या समुद्रात त्रास मासा देत नाही, समुद्र देतो. खाली तळ दिसत नाही, लाट स्नॉर्कलमध्ये (श्वास घ्यायच्या नळीत) शिरते, उतरल्या उतरल्या पन्नासेक मीटर जोरात पोहावं लागतं आणि नंतर बोट परत येईपर्यंत तरंगत थांबावं लागतं. घाबरलेला माणूस हातपाय झाडतो, आणि मग गाइडचं लक्ष माशावरून आणि बाकीच्यांवरून उडतं. म्हणून आत्तापासून तरणतलावात मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स घालून सराव करा. चेहरा पाण्यात ठेवून, न थांबता दहा-पंधरा मिनिटं आरामात पोहता आलं आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी न घाबरता काढता आलं की पुरे. बुकिंग करतानाच कंपनीला खरं सांगा. चांगली कंपनी त्यांच्यासोबत वेगळा गाइड आणि धरायला तरंगतं कडं देते. लाइफ जॅकेट घालण्यात काहीही कमीपणा नाही, काही ठिकाणी तर ते किंवा वेटसूट सक्तीचाच आहे. वेळेवर धीर झाला नाही तर त्यांनी बोटीवरूनच बघावं. शांत समुद्रात तिथूनही पाठीवरचे ठिपके दिसतात.

सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. माशाचं खाद्य पाण्याच्या ज्या थरात असतं, तिथेच अंगावरचं सनस्क्रीन सुटून जातं.

आणि टूर घेतल्यानंतर बोटीवर काही चुकीचं दिसलं तर? गाइडशी वाद पाण्यात घालू नका, चढल्यावर शांतपणे बोला. तुम्ही उतरायला नकार देऊ शकता, ते पुष्कळदा पुरतं. एकाने नकार दिला की बोटीवरचे आणखी दोघे-तिघे विचारात पडतात. जिथे परवाना देणारं कार्यालय आहे तिथे बोटीचं नाव, वेळ आणि फोटो पाठवा.

तारखांचं म्हणाल तर हंगामाच्या मधले आठवडे धरा आणि टूर मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको. वारा असला तर बोट निघत नाही, मासा दिसला नाही तर पुन्हा जायला दिवस लागतो. हातात दोन दिवस मोकळे असले की तुम्हीही कप्तानाला ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ असं म्हणणार नाही. तेव्हा बुकिंगआधी ते दोन प्रश्न विचारणारा मेल टाका आणि आलेली उत्तरं मला कळवा. निंगालू, ला पास की डोन्सोल, हे मग तारखा आणि बजेट बघून ठरवू.